उजेड चाळीसवर

माशांच्या टाकीवरच्या दिव्याचं बटण पुन्हा शंभरवर होतं.

दर मंगळवारी टाकीची देखभाल करायला येणाऱ्या टाकीवालीने हातातली बादली फरशीवर आदळली. चार वेळा बजावून झालं होतं की उजेड चाळीसच्या वर न्यायचा नाही. मागच्या मंगळवारी तर तिने बटणावर चिकटपट्टी लावून लाल पेनने लिहिलंही होतं, हात लावू नये. ती पट्टी कुणीतरी नखाने अलगद सोडवून, नीट घडी घालून टाकीच्या कडेला चिकटवून ठेवली होती. म्हणजे वर हा व्यवस्थितपणा.

आणि आत ते प्रवाळ. नऊ वर्षांपूर्वी तिनेच स्वतःच्या घरच्या टाकीतून अंगठ्याएवढा तुकडा आणून इथे लावला होता. वाढत वाढत तो फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा झाला होता, हिरवागार. आज पांढराफटक पडला होता. लोकांना तो दगड वाटतो. अहो, जीव आहे तो. उजेड सोसवेनासा झाला की अंगातला रंग टाकून देतो, आणि त्या रंगावरच तर त्याचं पोट असतं. आणखी आठवडाभर असंच चाललं की संपलाच कारभार. म्हणून आज ती बादली घेऊनच आली होती. बटण फिरलेलं दिसलं तर प्रवाळ सरळ उचलून घरी न्यायचं, मग मालक काय म्हणायचं ते म्हणोत.

मालक वकील होते. कोर्टात निघायच्या घाईत, टायची गाठ सारखी करत त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, घरात टाकीला कुणी हात लावत नाही. कामवालीची त्यांनी जातीने उलटतपासणी घेतली होती, बायकोलाही सोडलं नव्हतं. पाण्यातच काही दोष असेल, ताईंनी नीट बघावं, असं म्हणून ते आईला "येतो गं" करून निघाले. पाणी टाकीवालीने तपासलं होतं. मीठ ठीक, उष्णता ठीक. डोकं ठिकाणावर नव्हतं ते माणसांचं.

आई टाकीसमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या दिवसभर तिथेच असत. त्यांना मात्र कुणी काही विचारलं नव्हतं.

टाकीवालीने बटण चाळीसवर आणलं. खोली मंदावली. तोंडातून अवाक्षर न काढता तिने हात पुसले आणि बादली उचलायला वळली.

"गेलात का हो?" आईंनी विचारलं.

ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर, समोरच उभी होती.

तिने त्यांच्या तोंडापुढे हळूच पंजा हलवला. पापणी लवली नाही. आठवडाभर साठवून आणलेला राग आता कुठे ठेवावा हेच तिला कळेना.

"आजी, कधीपासून दिसत नाही?"

आईंनी आधी उडवून लावलं, मग एकदम सगळं सांगितलं. अंधुक दिसायला लागून वर्ष झालं होतं. मुलाला कळलं की तो आधी गॅस बंद करील, मग हातातली सुरी काढून घेईल, मग दिवसभर राखणीला बाई बसवील. मग या घरात आपलं काय राहिलं? बटण त्याच फिरवत होत्या. भर उजेडात थोडं तरी काही दिसायचं. पट्टीही त्यांनीच काढली होती. तिच्यावर काही लिहिलंय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

टाकीवाली भडकलीच. वर्षभर अंगावर काढलंत? डॉक्टर काय नुसते पाटी लावून बसलेत? एव्हाना उपाय झाला असता एखादा. तिचा आवाज चढला, आणि मग तिलाच वाईट वाटलं.

"पुढच्या मंगळवारपर्यंत तुम्ही मुलाला सांगा," ती म्हणाली. "नाहीतर मी सांगेन."

आईंनी पदराचं टोक चाचपलं.

"सांगते," त्या म्हणाल्या. "तोवर जरा उजेड कराल?"

प्रवाळ तर घरी न्यायचंच होतं, आता उजेड किती का असेना. तिने बटण शंभरवर नेलं, बाही दंडापर्यंत सारली आणि हात टाकीत घातला. आई खुर्चीतून पुढे वाकल्या. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला.

"हा तुमचा हात ना? त्याच्या शेजारी ते आहे बघा, पांढरं. मासे मला दिसत नाहीत, कधीचे दिसत नाहीत. हेही दिसत नव्हतं. गेल्या पंधरा दिवसांत काय लख्ख झालंय हो. सकाळी उठले की आधी इथे येऊन बघते, आहे ना म्हणून." त्या हसल्या. "तुम्ही काय घातलंत कोण जाणे. तुमच्या हाताला गुण आहे."

टाकीवालीची बोटं प्रवाळाखाली गेली होती. थोडं हलवलं असतं तर ते सुटून वर आलं असतं.

तिने हात तसाच रिकामा बाहेर काढला.