कातळाखालचा झरा

वनहक्काच्या दाव्याची मुदत त्या संध्याकाळी संपणार होती आणि काशी मुकणेला वाचता येत नव्हतं. पंचायतीतल्या संगणकाच्या पडद्यावर दाव्याची वेबसाइट उघडली, तेव्हा तिथे नुसते रकानेच रकाने होते. तिची नजर त्यांवर दोनदा अडखळलेली वेबसाइटनं टिपली, तशी अक्षरं विरून गेली. मोकळ्या पडद्यातून तिच्याच कातकरी बोलीत आवाज आला, "ताई, तुमच्या जमिनीच्या कडेकडेनं मला चालवत न्या. कुठून निघायचं?"

काशी दचकली. मग डोळे मिटून सांगू लागली, "हेदाच्या झाडापासून. काळ्या कातळाला वळसा घालून खाली."

तिनं डोळे उघडले, तर पडद्यावर तिचा डोंगर उभा होता. उतार, पायवाट, नाचणीचं वावर, सगळं जागच्या जागी.

"कातळाखाली झरा हाय," ती हळूच म्हणाली.

आवाजानं सगळे नकाशे चाळले. "हा झरा कुठल्याच नकाशात नाही. उपग्रहालाही झाडीतून दिसला नाही. त्याला काय म्हणता?"

"निवळी."

पडद्यावर निळी रेघ उमटली, तिच्याशेजारी नाव. काशीनं उरलेली कडही सांगत हद्द पुन्हा हेदापाशी आणून मिळवली. "दावा दाखल झाला, ताई. आता जगातल्या प्रत्येक नकाशात निवळी दिसेल."

काशीनं झऱ्याच्या नावाच्या त्या न वाचता येणाऱ्या अक्षरांवर बोटं टेकली आणि वाहत्या पाण्यात हात धरावा, तशी कितीतरी वेळ तिथंच ठेवली.