दिवा लागलाय का?

दार उघडेना. आभाने आधी ते ढकललं, मग ओढलं, मग पांढरी काठी भिंतीला टेकवून दोन्ही हातांनी हिसके दिले. पलीकडे कडीतलं कुलूप खडखडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की वाचनालय बंद झालंय आणि आपण आत आहोत.

तिने हाका मारल्या. पण शेजारच्या गल्लीत दुर्गापूजेचा मांडव होता, आज पंचमी, आणि ढाक नुकतेच घुमायला लागले होते. त्या ढोलांपुढे तिचा आवाज तिलाच नीट ऐकू येईना. उद्यापासून पूजेची सुट्टी. वाचनालय उघडणार ते थेट कोजागिरी झाल्यावर. हे आठवलं आणि तिने पुन्हा दार बडवलं.

अंधांसाठीची ही खोली उन्हाळ्यात सुरू झाली. फीत कापली, मिठाई वाटली, फोटो निघाले. खोली मात्र तळमजल्यावर अगदी मागे दिली होती, वाचकांना शांतता मिळावी म्हणून. ती आता भरपूर मिळत होती. रोज अरुणदा नावाचा मदतनीस तिला फाटकापर्यंत सोडायचा. आज तो सणासाठी दुपारीच बजबजला, आपल्या गावी गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता.

तेवढ्यात तिचाच फोन वाजला. आई. निघालीस का, एस्प्लनेड स्टेशनवर गर्दी वाढायच्या आत मेट्रोत बस, असं ती एका दमात म्हणाली. "निघतेच आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

खरं सांगणं शक्यच नव्हतं. बाबांची बदली होऊन कोलकात्याला आल्यापासून ती कुणाच्या तरी दंडाला धरूनच हिंडली होती. एकटीने यायची ही एकच जागा, आणि तिच्यासाठीही घरात महिनाभर धुसफूस चालली होती. मी कोंडली गेलेय, एवढं एक वाक्य बोललं की संपलं. पोलिसांना कळवावं, तर ते पहिला नंबर घरचाच मागणार.

तिने वाचनालयाला फोन लावला. घंटी पुढच्या कचेरीतून, भिंतींपलीकडून ऐकू आली. वाजत राहिली. आभाने फोन बंद केला, तशी तीही थांबली. इमारतीत कुणीच नव्हतं. आता तिला खरी भीती वाटायला लागली. ती दारापाशी खाली बसली.

कुलूप लावणाऱ्या दरवानाने तर दाराच्या काचेतून डोकावून पाहिलं असणार. मग आपण त्याला दिसलो कशा नाही? आणि बसल्या बसल्याच तिला उलगडलं. बाहेर अंधार पडला असेल. खोलीत दिवा नाही, म्हणजे माणूस नाही. त्याचं काही चुकलं नव्हतं. या खोलीत दिवा लावायची गरज कुणाला कधी पडलीच नव्हती.

कपाटांवर, टेबलांवर, पाण्याच्या नळावरही ब्रेलच्या पट्ट्या होत्या. विजेच्या बटणांवर नव्हत्या. भिंत चाचपडत तिने ती शोधली आणि सगळी खाली केली. पंखा फिरायला लागला, वारा अंगावर आला. पण दिवा? ती वाट पाहत उभी राहिली. कुणी आलं नाही. ढाक वाजत होते. आपण उजेडात उभ्या आहोत की काळोखात, हे तिला कळायला मार्ग नव्हता, आणि सांगू शकेल असं एकच माणूस होतं.

तिने आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन समोर धरला.

"आई, इथला दिवा लागलाय का, एवढंच सांग."

"अगं, सगळा काळोख दिसतोय. कुठे आहेस तू?"

आभाने सांगितलं. सांगताना तिला रडू फुटलं. आता आई किंचाळेल, बाबांना हाक मारेल, मग रागावेल, असं आभाला वाटलं. पण आई म्हणाली, मधेमधे काहीतरी चमकतंय, ट्यूब फडफडतेय मेली, बटण बंद करून परत लाव.

आभाने लावलं. परत. परत.

"लागली," आई म्हणाली. मग तिने विचारलं, "एवढी पुस्तकं आहेत होय तिथे?"

दोघी तशाच थांबल्या, फोन न ठेवता. कितीतरी वेळाने बाहेर चपला वाजल्या. बत्ती कोणी चालू ठेवली म्हणून करवादत फेरीवर निघालेला दरवान आला, कुलूप निघालं, आणि आत माणूस पाहून तो जागच्या जागी थबकला.

"अंधेरे में बैठकर क्या कर रही थीं?"

"पढ़ रही थी."

घाबरला होता तोही. घाबरलेली माणसं करतात तेच त्याने केलं, तो रागावला. काही झालं असतं तर नोकरी त्याची गेली असती, असं बरंच बोलला. शेवटी म्हणाला, "घरवाले ऐसी लड़की को अकेली भेजते कैसे हैं?"

गेला महिनाभर आई हेच वाक्य मराठीत बोलत आली होती. आभाने मान खाली घातली. हातातला फोन अजून चालूच होता.

"सुनिए," फोनमधून आई म्हणाली. तिचा आवाज चांगलाच कापत होता. "ताला लगाने के पहले जरा आवाज दिया करो. छुट्टी के बाद वो फिर आएगी."

"अकेली?" दरवानाने विचारलं.

आभाने फोन त्याच्या दिशेने पुढे धरला. ढाकांच्या गजरातही आईचा आवाज स्पष्ट आला.

"अकेली."