आजच्या तारखेचं पान

"आलात? बरोबर दिवसावर आलात, ताई," म्हातारा रखवालदार म्हणाला आणि खुर्चीवरून उठला.

जुन्या बंबखान्याचं आता संग्रहालय झालं होतं. लाल बंब दोरीआड उभा, बुटांचे जोड भिंतीशी रांगेत, आणि दाराजवळच्या काचपेटीत आगीच्या वर्दीची वही. रोज सकाळी रखवालदार पेटीचं कुलूप काढायचा आणि त्याच तारखेचं, पण चाळीस वर्षांपूर्वीचं पान उघडून ठेवायचा. मागच्या महिन्यात ही म्हातारी येऊन गेली, तेव्हा त्याने तिला हेच समजावून परत पाठवलं होतं.

"वाचा, भाऊ. मला अक्षर येत नाही."

तो काचेवर वाकला. "दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. कापडाचं गोदाम. मृत एक. पुरुष. वय अंदाजे पंचवीस."

"एकोणीस."

"धुराने माणूस मोठा दिसतो, ताई."

"कुणी लिहिलंय हे?"

"मीच. तेव्हा इथे वर्दी मीच लिहायचो."

"आणि नाव?"

"'नाव माहीत नाही', असं लिहिलंय."

तिने पदराची गाठ सोडली. आत बोटाएवढी चिठ्ठी होती, आणि डिंकाची छोटी बाटली.

"आम्हाला कळलं तेच चार दिवसांनी. हे घ्या, नातवाकडून नीट लिहून आणलंय. तेवढं चिकटवा. धाकट्या भावाचं हे नाव मीच ठेवलं होतं. सात वर्षांची होते मी. पाळण्यात वाकून त्याच्या कानात सांगितलं, तर हसला मेला."

किल्ली त्याच्या कमरेलाच होती. तो चिठ्ठीकडे बघत राहिला.

"बंबखाना चालू असता, तर लाल शाईने दुरुस्ती करून खाली सही ठोकली असती. आता हे संग्रहालय. इथे झालेली चूकसुद्धा आहे तशी जपावी लागते."

"माणूस नाही जपलात, आणि चूक जपता?"

रखवालदाराने स्वच्छच असलेली काच बाहीने पुसली.

"उद्या हे पान उलटणार?" तिने विचारलं.

"सकाळी नऊला."

"म्हणजे पुन्हा वर्षाने. तोवर राहिले, तर येईन." तिने चिठ्ठी घडी करून पुन्हा पदरात बांधली. मग काचेवर बोट टेकवलं. "ही शेवटची ओळ राहिली. इथे काय आहे?"

रखवालदाराने पाहिलं. त्याचंच अक्षर, वळणदार, एकही खाडाखोड नसलेलं. नातेवाईक : कोणी नाही.

"काही नाही, ताई. माझी सही आहे," तो म्हणाला, आणि तिला वाचता येत नव्हतं तरी त्या ओळीवर त्याने तळहात ठेवला.