आईचा प्रवेश

तरुण मुलगा अपघातात गेल्याची बातमी आईला कळते, त्या प्रवेशापाशी तालीम अडली होती. अभिनेत्रीने हंबरडा फोडला की दिग्दर्शक हात वर करून तिला थांबवत.

"ती ओरडत नाही. आधी गॅस बंद करते, ओले हात पुसते आणि बातमी घेऊन आलेल्यालाच विचारते, 'तुम्ही जेवलात का?'"

"अहो सर, कोणती आई अशी वागेल?" अभिनेत्री वैतागली.

"वागते," एवढंच ते म्हणाले.

पहिल्या प्रयोगात तो प्रवेश संपला, तेव्हा नाट्यगृह सुन्न होतं. टाळी वाजवायचंही कुणाला सुचलं नाही. विंगेत उभ्या दिग्दर्शकांना मात्र पहिल्या रांगेतून उठून बाहेर जाणारी बायको दिसली. स्वतःचा एकुलता एक मुलगा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच त्यांचं नाटक बघायला आली होती.

ते धावत बाहेर गेले. ती जिन्याचा कठडा घट्ट धरून उभी होती.

"अगं, मी तुझं दुःखच तर…" ते चाचरले.

तिने मान वर केली.



"त्या दिवशी तुम्ही कोपऱ्यात तोंड झाकून बसला होतात. इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्ही रडत होतात. तुम्ही माझ्याकडे बघत होतात?"