लाल झाकणं, पांढरी झाकणं

पांढऱ्या झाकणाच्या तिसऱ्या टाकीतल्या माशाचं यकृतही फिकट पिवळं निघालं, तेव्हा तिने सुरी खाली ठेवली.

"हाही?" प्रयोगशाळेच्या दारातून साहेबांनी विचारलं.

"हाही."

हे व्हायला नको होतं. मासे झपाट्याने वाढावेत म्हणून खाद्यावर टाकायची एक पूड बाजारात येऊ घातली होती. गेल्या वर्षीच्या छोट्या चाचणीत ती खाल्लेल्या माशांची यकृतं बिघडलेली दिसली आणि तिने परवानगी अडवून धरली. कंपनी म्हणाली, दोष तुमच्या पाण्याचा. शेवटी साहेबांनी तोडगा काढला: सहा टाक्या, पाणी एक, खाद्य एक. लाल झाकणाच्या तीन टाक्यांना रोज एकेक पुडी, पांढऱ्या झाकणाच्या तीन टाक्यांना नुसतं खाद्य. बारा आठवडे. फरक दिसला तर पूड कायमची बंद. नाही दिसला, तर ती प्रत्येक तळ्यात पडणार आणि तिथून लोकांच्या ताटात जाणार.

फरक नव्हता. सहाही टाक्यांतले मासे सारखेच गुबगुबीत, सहाही टाक्यांत यकृतं सारखीच पिवळी. चिरण्याआधी ते तीन दिवस उपाशी होते. पुडीचा अंश आता अंगात शोधूनही सापडला नसता.

"मी वर्षभर घसा कोरडा करतोय," कंपनीचा प्रतिनिधी शांतपणे म्हणाला. "पाणी तपासा म्हणून. पण आमचं ऐकतो कोण?"

बारा आठवड्यांत हा माणूस दोनदा टाक्या बघायला आला होता. ते तिच्या डोक्यातून जाईना. ती तडक टाक्यांच्या खोलीत गेली.

मावशी तिथे रिकाम्या टाक्या घासत होत्या. वीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात जेवण रांधून वाढल्यावर त्या या कामाला लागल्या होत्या. सकाळी सातला आणि दुपारी चारला खाद्य, एक दिवस खाडा नाही. तिला बघून त्यांनी हात पुसले आणि थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला. डब्यात एकच बिस्कीट उरलं होतं. त्यांनी ते मोडलं, दोन्ही तुकडे शेजारी धरून पाहिले, मोठ्याचा कोपरा तोडून लहान तुकड्यावर ठेवला आणि तो तिच्यापुढे केला.

"मावशी, तो कंपनीवाला इथे कधी एकटा होता का?"

"एकटा? माझ्यासमोर उभा होता, हात मागे बांधून. मीच बांधायला लावले. म्हटलं, साहेब, मासे लाजतात."

तिला हसू आलं नाही. "आणि पुड्या?"

मावशींनी कपाटातून खोका काढला. रिकाम्या पुड्यांचे गठ्ठे, प्रत्येकाला रबर लावलेलं. "दोनशे बावन्न. घ्या मोजून. तुम्हीच बजावलं होतं ना, टॉनिक मोजून आलंय, वर एक पुडी मिळायची नाही. चिमूटभर सांडू दिलं नाही मी."

तिने दोनदा मोजल्या. बरोबर होत्या.

"माझ्या धुण्यात काही कसूर राहिली का, मॅडम? साहेब पाण्याबद्दल बोलत होते."

"तुमचा काही दोष नाही, मावशी. मी तसं लिहून देईन."

दुपारी तिने अहवालाचं शेवटचं वाक्य तीनदा खोडलं आणि तीनदा तेच लिहिलं: पूड दिलेल्या आणि न दिलेल्या माशांत फरक आढळला नाही. डोळ्यांना दिसलं ते नाकारणं तिला कधी जमलं नव्हतं. तिने सही केली. साहेबांनी कागद न वाचताच पुढे पाठवला. साडेचारला परवानगीचं पत्र निघालं. प्रतिनिधीने जाताना तिला नमस्कार केला, आणि त्यात टोमणा नव्हता. तेच तिला जास्त लागलं.

खोलीत परतली तेव्हा मावशी झाकणं पुसून एकावर एक रचत होत्या. वर लाल, खाली पांढरी.

"ती नका उचलू," ती म्हणाली. "मला हे पुन्हा पहिल्यापासून करून बघायचंय. कुणी सांगितलं म्हणून नाही, माझ्या समाधानासाठी."

"करू की," मावशी म्हणाल्या. "पण या खेपेला रोजच्या सहा पुड्या मागवा बाई. तिघांना वाढायचं आणि बाकीच्यांनी तोंडाकडे बघत राहायचं, असला पंक्तिप्रपंच मला नाही जमत. एकेका पुडीचे दोन सारखे भाग करून करून बोटं दुखायला लागली माझी."