पाणी हलेपर्यंत

पाऊस सकाळीच थांबला होता, पण वरच्या रानातलं पाणी अजून येतच होतं. नाथाजींच्या परड्यात ते साचत साचत मागच्या मातीच्या भिंतीपासून हातभर अंतरावर आलं होतं. भिंत भिजली की बसणार, आणि भिंतीबरोबर आढंही.

सून राजेश्वरी फोनला चिकटली होती. ग्रामपंचायत म्हणाली, तुंबलेली मोरी रस्त्याखालची आहे, रस्तेवाल्यांना विचारा. रस्तेवाले म्हणाले, पाणी कालव्याच्या चारीचं आहे, पाटबंधारेकडं जा. पाटबंधारेवाले म्हणाले, चारी आमची, पण ही मोरी गावाची. पाण्याला सोयरे सगळीकडं होते, वारस कुणीच नव्हता.

"कुणाचं निघालं, पोरी?" नाथाजींनी विचारलं.

"अजून कुणाचंच न्हाई, मामा. हद्द बघून उद्या कळवतो म्हणाले."

"आन् भिंत उद्यापतूर थांबती व्हय?"

ते माळ्यावर चढले आणि तेलाचा जुना पत्र्याचा डबा काढून बाहेर आले.

पूर्वी मोरी कुणाची, हे वस्तीत कुणालाच ठाऊक नव्हतं आणि कुणाचं अडतही नव्हतं. ज्याच्या दारात पाणी येई, तो डबा बडवी. ज्याला ऐकू जाई, तो आपला डबा बडवून पुढच्याला कळवी आणि खोरं घेऊन निघे. पाणी हलेपर्यंत डबा थांबवायचा नाही, एवढा एकच कायदा. मग वस्तीतल्या राहीबाई सगळ्यांसाठी घमेलंभर कांदाभजी तळायच्या. त्या गेल्या, आणि कुणाच्या घरी काय तळतंय हेही कळेनासं झालं.

नाथाजी डबा बडवू लागले.

"मामा, लोक हसतील," राजेश्वरी म्हणाली.

नव्या बंगल्यातले हंबीरराव धावत आले. हातात फुटका कुकर.

"भंगारवाला कुठाय?"

नाथाजींना हसावं की रडावं कळेना. हात मात्र थांबला नाही. बडवता बडवता खांदा भरून आला आणि डोळेही.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून आवाज आला. ठण्, ठण्, ठण्. कुणीतरी ताट बडवत होतं.

"रामगोंडा!" नाथाजी ओरडले. "जिता हाय गड्या!"

थोड्या वेळानं रामगोंडांची नात ब्राह्मी खोरं घेऊन आली. "आज्जाला उठता येत न्हाई, नाथाआज्जा. पडल्या पडल्या ताट वाजवतोय. मला म्हणाला, नाथाच्या दारात पाणी आलंय, पळ."

ती मोरीत उतरली. राजेश्वरीनं फोन खिडकीत ठेवला आणि पदर खोचला. हंबीररावांनी कुकर कट्ट्यावर ठेवून पँट दुमडली. उसाचं पाचट निघालं, प्लास्टिक निघालं, कुणाची तरी चप्पल निघाली, आणि पाणी गुरगुरत पलीकडच्या ओढ्याला लागलं. भिंतीला नुकतंच टेकलेलं पाणी मागं सरलं.

नाथाजींनी डबा खाली ठेवला. पलीकडचं ताट वाजतच होतं.

"आज्जाला सांगून येते, पाणी हललं म्हणून," ब्राह्मी म्हणाली.

"नगं." नाथाजी ओल्या भिंतीला पाठ टेकून बसले. "जरा वेळ वाजवू दे त्याला."