पन्नास हजारांचा आवाज

प्रसेनजितनं रुमालात गुंडाळलेला पिकअप अनुपच्या टेबलावर ठेवला, तरी हात लगेच मागे घेतला नाही.

"सांभाळून उघड," तो म्हणाला. "पन्नास हजारांचा हाये."

अनुपचं अकोल्याकडच्या मालेगावात मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरींवरचे जळालेले पंप तो नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. पिकअप म्हणजे बेस गिटारच्या तारांखाली बसणारी काळी पट्टी. आत चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार. गिटारचा आवाज निघतो तो तिथून. हा पिकअप जुना, जपानी होता. तसे आता फार थोडे उरले होते, म्हणून ही किंमत. अनुपची अख्खी गिटार सात हजारांची होती.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत रत्नमालाताईंच्या भीमगीतांच्या पार्टीत अनुपच बेस वाजवायचा. मग शिरपूरच्या शाळेवरचा मास्तर, म्हणजे हा प्रसेनजित, आपली भारी गिटार घेऊन आला. ताईंनी अनुपला कधी जा म्हटलं नाही. फक्त पुढच्या कार्यक्रमाचा निरोप आला नाही. दोघांची बोटं सारखीच चालतात, फरक आहे तो सामानाचा, असं अनुप स्वतःला रोज सांगायचा.

आठ दिवस लागतील, असं त्यानं प्रसेनजितला सांगितलं. तो गेल्यावर पिकअप उघडला. तारेचं नुसतं टोक तुटलं होतं. डाग देऊन जोडायला दोन मिनिटं लागली.

अनुप बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला. मग त्यानं भिंतीवरची आपली गिटार काढली, तिचा पिकअप उपसला आणि त्या जागी जपानी बसवला. वाजवून पाहिलं. आवाज चांगला होता. पन्नास हजारांचा मात्र वाटला नाही.

आता प्रसेनजितला काहीतरी परत द्यायला हवं होतं. अनुपनं स्वतःच्या पिकअपची तार सगळी उलगडून टाकली आणि अकोल्याहून नवी बारीक तार आणली. पंप भरताना तो गप्पा मारायचा, चहा प्यायचा. या कामाला बसला की शटर अर्धं ओढून घ्यायचा. प्रसेनजितचा कान पक्का होता. जरा उन्नीस-बीस झालं तर चोरी उघडी पडणार होती. एक फेरा सैल पडला की सगळं मोडून पहिल्यापासून. चौथ्यांदा मनासारखं जमलं. वर त्यानं जपानी पिकअपचं झाकण बसवलं. माप एकच होतं. आठव्या दिवशी तो प्रसेनजितच्या हातात दिला.

रविवारी दुपारी आसेगावात कार्यक्रम होता. पुन्हा बिघडलं तर दुरुस्त करणारा जवळ असावा म्हणून प्रसेनजितनं अनुपलाही सोबत नेलं. लोक यायच्या आधी मंचावर वाद्यं लावणं चाललं होतं. प्रसेनजितनं पहिली तार छेडली.

मंचाच्या फळ्यांमधून आवाज अनुपच्या तळपायांत शिरला. खोल, भरीव, एकेक सूर सुटा. सवयीनं त्याला प्रसेनजितचा हेवा वाटला. मग त्याच्या ध्यानात आलं, ही तर आपली तार बोलते आहे.

माइकसमोर गळा मोकळा करणाऱ्या रत्नमालाताई गाता गाता थांबल्या.

"आयकलं का अनुप?" त्या म्हणाल्या. "असा आवाज पैशानंच येते. आपल्या इकडच्या हाताचं काम नाई ते."

अनुपला गप्प बसता आलं असतं. प्रसेनजितचं कौतुक गिळायला तो तीन वर्षांत शिकला होता. पण आपल्या हातचं कौतुक दुकानात भिंतीवर टांगलेल्या गिटारीतल्या जपानी डबीला मिळावं, हे त्याला सोसवेना.

"ताई, हा म्या भरला हाये," तो म्हणाला. "जपानी माह्या गिटारीत हाये. म्या चोरला."

प्रसेनजितचा चेहरा उतरला. त्यानं मान खाली घालून पिकअपकडे पाहिलं. अंगठ्यानं एकदा तार छेडली आणि सूर पुरता विरेपर्यंत ऐकत राहिला.

"उद्या माहा पिकअप आणून दे," अनुपकडे न बघता तो म्हणाला. "विकून टाकतो. हा तू भरलेला आता काढत नाई. पण तू पुन्हा माह्यासमोर येऊ नको."

अनुप मंचाच्या पायऱ्या उतरू लागला. चेहऱ्यावरचं हसू कोणाला दिसू नये म्हणून त्याला मान खाली घालावी लागली.